घरगुती

मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष, आजच्या प्रमुख पाहुण्या, व्यासपीठाच्या मधोमध उंच पाठीच्या खुर्चीत बसलेले सत्कारमूर्ती आदरणीय सर, पहिल्या रांगेत बसलेल्या सरांच्या पत्नी, मंडळाचे कारकून, ज्यांना आपण सगळे काका म्हणतो, या शहरातले लहानमोठे चित्रकार, चित्रकार होता होता राहिलेले आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, आपल्याला लवकर निघता यावं म्हणून पर्स मांडीवरच ठेवून बसलेली माझी बायको.

सर्वांना माझा नमस्कार.

सरांनी सव्वीस वर्षं या मंडळाच्या निवड समितीची धुरा वाहिली आणि आज ते निवृत्त होताहेत. मंडळाची रीत अशी की निवृत्त होणाऱ्या प्रमुखांचं व्यक्तिचित्र या दालनात कायमचं लागतं आणि पडदा सारण्याआधी चित्रकारानं चार शब्द बोलायचे असतात. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'चित्रकाराचे मनोगत, दहा मिनिटे' असं छापलं आहे. त्यातलं 'मनोगत' बरोबर आहे. 'दहा मिनिटे' बहुतेक चुकेल. 'चित्रकाराचे' या शब्दाकडे मी सावकाश येतो.

मी शिकलेला माणूस नाही, हे आपण जाणता. सर मला पहिल्या दिवसापासून 'बोर्डवाले' म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही. या शहरातल्या निदान चारशे दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या आहेत. अक्षर मी पाट्या बघून शिकलो, रंग डबे उघडून शिकलो आणि चित्र कसं काढायचं ते इतरांची चित्रं उलटी करून, मागून बघून शिकलो. हसू नका. चित्राची पुढची बाजू चित्रकाराला जे दाखवायचं असतं ते दाखवते. पाठ खरं सांगते. लाकूड कुठलं, खिळे किती अंतरावर, कापड ताणताना हात घाईत होता की निवांत, सगळं. सरांनी सव्वीस वर्षांत हजारो चित्रं पाहिली असतील. त्यांनी एकाही चित्राची पाठ पाहिलेली नाही, असं काका मला सांगतात. प्रत्येकाची आपली पद्धत.

आम्हा नवराबायकोच्या संसाराला यंदा तेवीस वर्षं झाली. चौथ्या मजल्यावर एक खोली, खोलीला एक खिडकी, खिडकी उत्तरेला. चित्रकाराला उत्तरेच्या खिडकीचं मोल सांगायला नको. दिवसभर एकसारखा उजेड, ऊन आत येत नाही, सावली जागा सोडत नाही. पण खिडकीची रुंदी तीन फूट दोन इंच. त्यात दोन इझल मावत नाहीत. लग्नानंतर पहिलं भांडण आमचं पैशांवरून झालं नाही, सासूवरून झालं नाही. उजेडावरून झालं. शेवटी जमिनीवर खडूनं रेघ मारली आणि वाटणी केली. सुट्टीच्या दिवशी सकाळ तिची, दुपार माझी. इतर दिवशी जो आधी घरी येईल त्याची. ती आधी कधीच येत नसे.

कारण ती बाहुल्यांच्या कारखान्यात डोळे रंगवायची. दिवसाला चारशे जोड्या. आधी उजवा, मग डावा. कारखान्यात डोळ्यांचे नंबर असतात, निळा एक नंबर, हिरवट तीन नंबर, असे. तिला सगळे पाठ. रस्त्यानं जाता जाता माझ्या कानात म्हणायची, "तो बघ, चार नंबर, डावा जरा चुकलाय." मी म्हणायचो, देवाघरचा माल परत पाठवता येत नाही. ती म्हणायची, "आमच्याकडे पाठवतात."

घरी येऊन ती काय रंगवायची? बादली. घडी करून खुर्चीवर ठेवलेलं अंथरूण. दोरीवर वाळणारे दोन मोजे, एक तिचा, एक माझा. मी त्या काळात कारखाने रंगवत होतो, धुराडी, बंदरावरच्या माल उचलायच्या याऱ्या, घामेजलेले मजूर, सगळं भव्यदिव्य. आता विचार करा, मी कारखाना रंगवायचो आणि कारखान्यात राबायला ती जायची. मला हे कळायला नऊ वर्षं लागली. मी आपला आपण शिकलेला माणूस आहे. शिकायला वेळ लागतो.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी सर आमच्याकडे चहाला आले होते. सरांना आठवत असेल. नसेल तर मी आठवण करून देतो, मला तपशील चांगला लक्षात राहतो. पाऊस नव्हता, पण सरांच्या अंगात करड्या रंगाचा कोट होता. तो त्यांनी काढला आणि टांगायला जागा शोधली. आमच्याकडे खुंट्या दोन, दोन्हींवर कपडे. सरांनी कोट तिच्या इझलवर टांगला. इझलवर बादलीचं चित्र होतं, ओलं. सर माझ्या याऱ्यांसमोर पाऊण तास उभे राहिले, फार चांगलं बोलले, मी आयुष्यात एवढा फुगलो नव्हतो. तिनं चहा दिला. सर म्हणाले, "वहिनी, साखर जरा कमी चालते मला." मग कोट घ्यायला गेले तर डाव्या बाहीला निळा डाग. बादलीचा निळा. सर बायकोकडे वळून म्हणाले, "वहिनी, यावर काही घरगुती उपाय आहे का?"

ती म्हणाली, आहे. तिनं टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून दहा मिनिटं बाही घासून दिली. डाग पुसट झाला, गेला नाही. सरांनी दारात चपला घालताना मला खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "एका म्यानात दोन तलवारी ठेवताय बोर्डवाले. सांभाळा." मी हसलो. तुम्ही पण हसला असतात. मोठा माणूस घरी येऊन विनोद करतो तेव्हा घरचा माणूस हसतोच.

त्यानंतर आठवड्यानं काका माझ्या दुकानात आले. मंडळाला एक रबरी शिक्का करून हवा होता, त्याचं अक्षर मी काढून द्यायचं होतं. वर्तुळ सव्वा इंचाचं, आत एकच शब्द: 'घरगुती'. मी विचारलं नाही कशासाठी. मला वाटलं, मंडळात कपबश्या आहेत, खुर्च्या आहेत, पाहुण्यांच्या वेगळ्या, घरच्या वेगळ्या, त्यावर मारायचा असेल. आणि खरं सांगू? शब्द फार सुंदर आहे अक्षरासाठी. चार अक्षरं, मध्ये 'गु'चा उकार खाली झेपावतो आणि शेवटी 'ती'ची वेलांटी वर जाऊन सगळं तोलून धरते. मी त्यावर दोन दिवस घालवले. वेलांटीच्या टोकाला मी नेहमी एक बारीक आकडी देतो, माशाच्या गळासारखी. ती माझी खूण आहे. दुसऱ्या कुणाची वेलांटी तशी नसते.

त्या वर्षीच्या प्रदर्शनाला आम्ही दोघांनी एकेक चित्र दिलं. माझं निवडलं गेलं. तिचं आणायला ती स्वतः गेली. घरी येऊन चित्र भिंतीला टेकवून ठेवलं, पुढची बाजू भिंतीकडे, पाठ माझ्याकडे. मंडळात तोवर दोनच शिक्के होते, 'स्वीकृत' आणि 'अस्वीकृत'. हा तिसरा होता. जांभळी शाई कोऱ्या लाकडात नखभर मुरलेली.

ती म्हणाली, "वेलांटी तुझी आहे."

 मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "ते कळलं. माहीत असतं तर एवढी चांगली काढली नसतीस." आणि स्वयंपाकाला लागली.

सभ्य स्त्रीपुरुषहो, आज इथे काही जणांना असं वाटेल की हा मनुष्य सरांच्या निरोपाच्या दिवशी सूड उगवायला आला आहे. त्यांचं निरीक्षण चांगलं आहे. पण सुडाच्या यादीत पहिलं नाव सरांचं नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावं. पहिलं नाव त्या अक्षराखाली आहे.

आता त्या लाकडाबद्दल थोडं. बाहेरची सोनेरी फ्रेम वेगळी. कापड ज्यावर ताणून ठोकतात ती आतली साधी चौकट, तिला आम्ही स्ट्रेचर म्हणतो. मंडळाच्या सगळ्या फ्रेमी एकाच मापाच्या, छत्तीस इंच बाय तीस, म्हणून प्रदर्शनाचं चित्रही त्याच मापाचं लागतं. लग्नानंतर मी बायकोला दागिना केला नाही, स्ट्रेचर करून दिलं. एका शिंप्याची जुनी पाटी उतरवली होती, तीस वर्षं उन्हात तापलेलं लाकूड. ते आता वाकणार नाही, फुगणार नाही. चार पट्ट्या कापल्या, कोपरे खाचेत बसवले, गोंद लावला नाही. एका पट्टीच्या आतल्या अंगाला जुनी अक्षरं तशीच राहिली. पाटीवर होतं, 'कपडे वेळेवर शिवून मिळतील'. त्यातलं 'वेळेवर' तेवढं वाचता येतं.

दर वर्षी ती नवं चित्र त्याच चौकटीवर ताणायची. परत आलं की खिळे काढायचे, कापड सोडवायचं, गुंडाळून पलंगाखाली ठेवायचं, रंगाची बाजू बाहेर ठेवून, म्हणजे रंग तडकत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा. चित्रं बदलली, लाकूड तेच. आणि शिक्के लाकडावर. वरच्या पट्टीवर तीन, उजव्या पट्टीवर तीन, खालच्यावर तीन, डावीवर दोन. अकरा वर्षं, अकरा शिक्के. डाव्या पट्टीवरचे शेवटचे दोन फिके आहेत. शाई संपली नव्हती, मारणारा हात हलका पडला होता. काका, तुम्ही मान खाली घालू नका, ते दोन आम्ही ओळखले होते.

मंडळाचा एक नियम आहे, सरांनीच केलेला: निवडीच्या वेळी सहीवर कागदाची पट्टी चिकटवायची, म्हणजे चित्र कुणाचं ते कळू नये. निःपक्षपाती. किती उत्तम नियम. पण पट्टी सहीवर असायची, तोंडावर नव्हती. सर चित्रासमोर उभे राहत, मान तिरकी करत, कधी कधी "वा" देखील म्हणत. मग विचारत, "हे कुणाचं?" काकांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणत, "वहिनींचं." सर म्हणत, "अच्छा. घरगुती." पाचव्या वर्षी तर "वा" दोनदा म्हणाले होते. मी हे काकांना विचारलं नाही. त्यांनी एकदा आपण होऊन सांगितलं आणि सांगून तीन महिने माझ्या दुकानासमोरून जायचं टाळलं.

बरं, ती एकटीच का? तो शिक्का नुसता तिच्यासाठी ठेवून द्यायला सर काही उधळे नव्हते. या सभागृहात तो शिक्का ज्यांच्या चित्रांच्या पाठीवर आहे अशा चौदा जणी बसल्या आहेत. चहा सुरू असताना मी मोजल्या. एक शाळेत शिकवतात, एक परिचारिका आहेत, एकींनी केव्हाच सोडलं आणि आता नातवंडं सांभाळतात. सरांच्या उजव्या हाताला बसलेल्या प्रमुख पाहुण्या पहिल्याच शिक्क्यानंतर हे शहर सोडून गेल्या, म्हणून आज प्रमुख पाहुण्या होऊ शकल्या. माफ करा ताई, तुम्ही हे बोलणार नव्हता, मला माहीत आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'आवरतं घ्यावे.' अक्षर गोलसर आहे, छान आहे. आवरतं घेतो.

पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण नाही सांगितला तर मी फक्त दुसऱ्याचंच उघडं केलं असं होईल. सहावं वर्ष होतं. ती ओला कपडा पिळणाऱ्या बाईचं चित्र करत होती. नुसते हात आणि पीळ. मला वाटलं, या वेळी निवडलं जाईल, फक्त उजवं कोपर जरा चुकलंय. ती कारखान्यात गेली होती, तिचा उजेड रिकामा होता. मी कोपर दुरुस्त करून ठेवलं. चांगलं केलं होतं, शरीरशास्त्राच्या पुस्तकात पाहून. संध्याकाळी ती आली, चप्पल काढली, चित्रासमोर उभी राहिली. मग पॅलेट नाइफ घेतली आणि खरवडायला लागली. माझ्या रंगाचा एक कण ठेवला नाही आणि स्वतःच्या रंगाचा एक कण जाऊ दिला नाही. बरोबर माझंच तेवढं काढलं. मी म्हटलं, अगं, चुकलेलं होतं. ती म्हणाली, "चुकलेलं होतं, पण माझं होतं. शिक्का बसायचा तर माझ्या चुकीवर बसू दे. तुझ्या दुरुस्तीवर कशाला?"

त्या वर्षी शिक्का बसलाच. कोपर बघायला कुणी वाकलंही नव्हतं.

बाराव्या वर्षी सरांनी नवा नियम आणला: एका घरातून एकच प्रवेशिका. जागा कमी पडते म्हणे. घरी कागद आला तेव्हा आम्ही दोघं जेवत होतो. ती वाचून म्हणाली, "तूच दे. तुझं लागतं." मी काय म्हणायला हवं होतं, सांगा? या सभागृहात एकूण एक माणसाला ते माहीत आहे. मी म्हणालो, "बरं." हात धुतले आणि याऱ्यांच्या चित्रावरची धूळ पुसायला घेतली. ते रिकामं स्ट्रेचर तिनं पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकलं. त्यानंतर बारा वर्षं तिनं मंडळाच्या जिन्यावर पाय ठेवला नाही. रंगवत राहिली. आता पलंगाखाली जागा उरलेली नाही. आम्ही झोपतो ते चित्रांपासून सहा इंचांवर.

आणि मग गेल्या वर्षअखेरीस मंडळाचं पत्र आलं. सर निवृत्त होताहेत, व्यक्तिचित्र हवं आहे. पत्रातलं वाक्य मी जसंच्या तसं वाचतो, 'सदर चित्र आपणाकडून करून मिळावे अशी समितीची इच्छा आहे.' आपणाकडून. मी व्याकरण शाळेत शिकलेलो नाही. पण आपण म्हणजे मी, असं कुठल्या पुस्तकात आहे? आपल्या भाषेत आपण म्हणजे तुम्ही, आपण म्हणजे मी, आपण म्हणजे आपण दोघं. पत्र घराच्या पत्त्यावर आलं होतं. आणि एका घरातून एकच, हा नियम अजून रद्द झालेला नाही. मी पत्र तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, या वेळी तू.

तिनं पत्र दोनदा वाचलं. भाजी चिरून झाली, मग म्हणाली, "सकाळचा उजेड माझा. दुपारचाही."

हो. पडद्यामागचं चित्र माझं नाही.

सर, पाणी घ्या. काका, जरा सरांना पाणी द्या.

चित्रासाठी समोर बसायला सरांना वेळ नव्हता, त्यांनी एक फोटो पाठवला, बारा वर्षांपूर्वीचा, केस भरपूर असलेला. तिनं तो पाहिला आणि लिफाफ्यात परत घातला. मी विचारलं, समोर बसल्याशिवाय कसं करणार? ती म्हणाली, "अकरा वर्षं बसलेच होते की माझ्यासमोर. मान वर केली नाही, एवढंच."

कारण दर वर्षी चित्र परत न्यायला ती जायची, तेव्हा काका आतून चित्र शोधून आणेपर्यंत ती टेबलासमोर उभी राहायची आणि सर टेबलाशी काहीतरी लिहीत असायचे. तिनं सरांचं कपाळ अकरा वेळा पाहिलं आहे, प्रत्येक वेळी पंधरा पंधरा मिनिटं. भांग, कानाची पाळी, पेन धरायची पद्धत, ओठ मुडपून सही करायची सवय. आपल्यापैकी कुणीही सरांना एवढं निरखलेलं नाही. त्यांच्या घरच्यांनीही नसेल. फक्त डोळे तिला कधी दिसले नाहीत. म्हणून डोळे तिला कारखान्यातून आणावे लागले. चित्रातले डोळे सहा नंबरचे आहेत, तपकिरी, मोठ्या बाहुल्यांसाठी. आणि चित्रात सरांनी मान वर केली आहे. तेवढं तिनं मनानं केलं.

कोट करडा आहे. डाव्या बाहीकडे पाहावं.

मी तिला नवं स्ट्रेचर करून देणार होतो. लाकूडही आणून ठेवलं होतं, चांगलं, गाठ नसलेलं. ती स्टुलावर चढली, माळ्यावरचं कागदात गुंडाळलेलं जुनं काढलं आणि म्हणाली, "हेच. हे लाकूड सरांना ओळखतं." अकरा वर्षांच्या खिळ्यांनी त्याची चाळण झालेली. दोन भोकांच्या मधली कोरी जागा शोधत शोधत मी एकेक खिळा ठोकला. चित्रात माझं काम तेवढंच, चौसष्ट खिळे. मोजून घ्यावेत.

गेल्या आठवड्यात चित्र मंजुरीसाठी सरांच्या खोलीत आणलं. नियमाप्रमाणे सहीवर कागदाची पट्टी होती. सर वीस मिनिटं समोर बसले. त्या दिवशी त्यांनी 'हे कुणाचं' असं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो नसतो. मी मनाशी ठरवून गेलो होतो, उत्तर जिभेवर होतं. पण माणसाला जे माहीत आहे असं वाटतं, ते तो विचारत नाही. सरांनी मंजुरीच्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं, तो कागद माझ्या खिशात आहे, वाचतो. 'सादृश्य अचूक. डोळे विलक्षण जिवंत. बाहीवरील निळसर प्रतिबिंब हे कसबी हाताचे लक्षण. कामात कोठेही कच्चेपणा नाही. स्वीकृत.' खाली सही, तारीख. मग मला म्हणाले, "बोर्डवाले, शेवटी जमलं तुम्हाला." मी नमस्कार केला आणि निघालो. जिना मी दोन दोन पायऱ्या गाळून उतरलो. आनंदानं, गैरसमज नको.

मंडळाच्या घटनेतलं चौदावं कलम सरांच्याच लेखणीतलं आहे. दालनात एकदा स्वीकृत झालेलं चित्र उतरवता येत नाही, बदलता येत नाही, त्याची चौकट काढता येत नाही. चित्रकाराचं नाव पितळी पट्टीवर कोरलं जातं आणि तो चित्रकार मंडळाचा आजीव सदस्य होतो. आजीव सदस्याचं चित्र दर वर्षी निवड समितीपुढे न जाता थेट प्रदर्शनात लागतं. त्याच्या पाठीवर कुठलाही शिक्का बसत नाही. मला बाकी काही नको होतं. सरांची खुर्ची नको, पुष्पगुच्छ नको. तिचं एक चित्र कोऱ्या पाठीनं या भिंतीवर लागावं, एवढंच हवं होतं. यंदा बादली लागेल. तीच, पहिली. तिच्यावर कोटाच्या बाहीचा ठसा आहे, तो तिनं कधी पुसला नाही.

काल संध्याकाळी नोंद झाली. नोंदीच्या वेळी पट्टी काढतात आणि काका रीतीप्रमाणे विचारतात. बारा वर्षांनी ती जिना चढून आली होती. काकांनी वहीवर पेन टेकवलं आणि वर न बघता विचारलं, "हे कुणाचं?"

ती म्हणाली, "माझं."

काकांनी पूर्ण नाव लिहिलं. तिला विचारावं लागलं नाही, त्यांना पाठ होतं.

ते नाव मी इथे घेणार नाही. तिनंच बजावलं आहे, बोलायचं तर मोजून बोल आणि नाव घेऊ नकोस, ते लिहिलेलं आहे. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली. तेवीस वर्षं आपण सगळे तिला वहिनी म्हणालात. पडदा सरला की चष्मे लावा आणि वाचा. सर, आपणही. मान थोडी खाली घालावी लागेल, पण ती सवय आपल्याला आहे.

पाठ मात्र कुणाला दिसणार नाही. ती भिंतीकडे राहील. मी असेन नसेन, हे मंडळ असेल नसेल, जोवर सरांचा चेहरा या भिंतीवर आहे तोवर त्या चेहऱ्याच्या मागे, पाव इंचावर, ते अकरा शिक्के आहेत, माझ्या वेलांटीसकट. मी आत्ता सांगितलं म्हणून तुम्हाला कळलं. तिचा बेत तर असा होता की कुणालाच सांगायचं नाही, फक्त आम्हा दोघांना माहीत असावं आणि दालनातून जाताना एकमेकांकडे बघून हसावं. तो सूड जास्त चांगला होता, हे मी कबूल करतो. पण मी बोर्डवाला आहे. माझ्याच्यानं अक्षर झाकून ठेवलं जात नाही.

शेवटच्या रांगेतली खुर्ची अजून रिकामी झालेली नाही, ही माझ्या दृष्टीनं आजच्या समारंभाची सर्वांत मोठी गोष्ट.

आता आभार. मंडळानं मला बोलायची संधी दिली, अध्यक्षांनी दुसरी चिठ्ठी पाठवली नाही, काकांनी अकरा वर्षं खरं तेच सांगितलं, प्रमुख पाहुण्या या शहरात परत आल्या, आपण सर्वांनी न उठता ऐकून घेतलं, याबद्दल मी ऋणी आहे. सरांच्या पत्नींना विशेष शुभेच्छा. उद्यापासून सर दिवसभर आपल्याकडेच असणार, सकाळ-दुपार-संध्याकाळ. म्हणजे सर आता खऱ्या अर्थानं... जाऊ द्या, शब्द आपल्याला ठाऊक आहे. सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो. त्यांच्या घरी उत्तरेची खिडकी असो.

सर, पडद्याची दोरी आपल्या डाव्या हाताशी आहे. हलकी आहे, ओढा.

मी शिकलेला वक्ता नाही. बोलण्याच्या ओघात कुठे अधिक गेलं असेल, कुठे उणं पडलं असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर आपण मोठ्या मनाचे आहात. घरगुती समजून पोटात घाला.